टाहोच्या वाटेवर फोर-बाय-फोर ट्रकला स्नो चेन्स कशा चढवायच्या

सेकंडहँड पिकअप घेतला तेव्हा आधीच्या मालकाने मागच्या सीटखाली एक मळकी कापडी पिशवी ठेवून दिली होती. म्हणाला, चेन्स आहेत (बर्फात पकड यावी म्हणून टायरवर चढवायच्या साखळ्या), असू देत. फुकट मिळालेली वस्तू कोण तपासतो? दोन वर्षांनी किंगव्हेलच्या अलीकडे, अंधार पडता पडता, बर्फात गुडघे टेकून मी ती पिशवी पहिल्यांदा उघडली. चेन टायरवरून फिरवली तर दोन टोकांमध्ये चार बोटांची फट. ओढून पाहिली, शिव्या घातल्या, पुन्हा ओढली. विकण्याआधीच कधीतरी त्या गृहस्थाने ट्रकला मोठे टायर बसवले होते आणि चेन्स जुन्याच टायरच्या होत्या. ती रात्र आम्ही कोलफॅक्सच्या एका मोटेलमध्ये काढली, जेवणाला डब्यातले मेथीचे पराठे.

बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, नव्याने आलेल्या, हौसेने फोर-व्हील-ड्राइव्ह (म्हणजेच फोर-बाय-फोर) घेतलेल्या आणि पहिल्या हिवाळ्यात डोंगरातल्या टाहो सरोवराकडे निघालेल्या मंडळींसाठी हे लिहितोय. (इथे पिकअपलाच ट्रक म्हणतात. मीही तेच म्हणणार आहे. ‘हॉर्न ओके प्लीज’वाला डोळ्यांपुढे आणू नका.) टाहोला जायचे मुख्य रस्ते दोन. आय-८० डॉनर समिटवरून जातो, उंची ७,२३९ फूट. यूएस-५० एको समिटवरून, ७,३८२ फूट. आपलं कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे हायवेच कळसूबाईच्या डोक्यावरून जातो असं समजा. डॉनर समिटजवळ सोडा स्प्रिंग्जला बर्कली विद्यापीठाची हिमप्रयोगशाळा आहे. २०२२-२३ च्या हिवाळ्यात तिथे ७५४ इंच बर्फ पडला. एकोणीस मीटरच्या वर.

१. आधी एक गैरसमज काढून टाका

फोर-व्हील-ड्राइव्ह इंजिनाचा जोर चारही चाकांना देतं. ब्रेक मात्र साध्या कोरोलालाही चारही चाकांना असतात. म्हणजे चढताना, बर्फातून गाडी हलवताना तुम्ही राजे. थांबताना आणि वळताना तुम्ही आणि कोरोलावाला सारखेच. उलट ट्रकचं वजन जास्त, म्हणून थांबायला अवघडच. गंमत अशी की चढावर ट्रक इतका निवांत चालतो की रस्ता निसरडा आहे हे कळतच नाही. कळतं ते पहिल्या उतारावर. वादळानंतर कडेच्या चरात नाक खुपसून बसलेल्या गाड्या पाहा, त्यांत फोर-बाय-फोर कमी नसतात.

बर्फाळ रस्त्यावर ‘फोर हाय’ लावा, म्हणजे चारही चाकांना जोर आणि वेग नेहमीचा. ‘फोर लो’ (वेग कमी, जोर जास्त) रुतलेला ट्रक बाहेर काढायला किंवा अगदी तीव्र उताराला. आणि ट्रकला पार्ट-टाइम फोर-व्हील-ड्राइव्ह असेल (बहुतेक पिकअपना तेच असतं) तर कोरड्या डांबरावर ते चालू ठेवू नका. वळताना पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं, डांबर त्यांना घसरू देत नाही आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीवर) येतो.

२. आर-१, आर-२, आर-३ म्हणजे काय

कॅलिफोर्नियात रस्ते सांभाळणारं खातं म्हणजे कॅलट्रान्स. बर्फ पडायला लागला की ते ‘चेन कंट्रोल’ लावतात. पायऱ्या तीन.

आर-१: चेन्स किंवा स्नो टायर हवेत. फोर-व्हील-ड्राइव्हला सूट.

आर-२: सगळ्यांना चेन्स. सूट फक्त चारही चाकांना स्नो टायर असलेल्या फोर-व्हील किंवा ऑल-व्हील-ड्राइव्हला.

आर-३: सगळ्यांना चेन्स, कुणालाही सूट नाही. ही वेळ क्वचित येते, कारण त्याआधीच बहुधा रस्ता बंद करतात.

आता सापळा. आर-२ मधली सूट ‘चेन्स न लावण्याची’ आहे, ‘चेन्स न बाळगण्याची’ नाही. किमान एका ड्राइव्ह अ‍ॅक्सलपुरत्या (इंजिनाचा जोर मिळणाऱ्या चाकांच्या एका जोडीपुरत्या) चेन्स गाडीत असल्याच पाहिजेत, कायद्यात तसं स्पष्ट आहे. ‘माझ्याकडे फोर-बाय-फोर आहे, मला चेन्स कशाला’ असं ऑफिसातला जो सहकारी छातीठोकपणे सांगतो, तो नियमाचा अर्धाच भाग वाचून आलेला असतो.

आणखी दोन अटी ट्रकवाल्यांच्या हमखास नजरेतून सुटतात. ही सूट रिकाम्या वजनात ६,५०० पौंडांपर्यंतच्या गाडीलाच आहे. मोठे हेवी-ड्यूटी पिकअप त्यापुढे जाऊ शकतात. आणि मागे ट्रेलर असेल, मग त्यावर स्नोमोबाइल असो की सामान, तर सूट संपली.

‘स्नो टायर’ची व्याख्याही ऐका. टायरच्या बाजूवर ‘एम’ आणि ‘एस’ ही इंग्रजी अक्षरं हवीत, म्हणजे मड अँड स्नो. शिवाय नक्षीची खोली किमान ६/३२ इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास. माझ्या टायरवर अक्षरं होती, खोली नव्हती. तपासणी नाक्यावरच्या बाईंनी टायरवर टॉर्च मारला, मान हलवली आणि कडेला बोट दाखवलं. खोली मोजायचं गेज ऑटो पार्ट्सच्या दुकानात चार-पाच डॉलरला मिळतं. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्र टायरवर असेल तर फारच छान, तो टायर बर्फावर चाचणी होऊन आलेला असतो.

३. चेन्स विकत घेताना

टायरच्या बाजूवरचा आकडा जसाच्या तसा उतरवून घ्या. उदाहरणार्थ २६५/७० आर १६: रुंदी २६५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १६ इंची. ट्रकच्या दारावरच्या स्टिकरवरून घेऊ नका, तो कंपनीतून आला तेव्हाचा आकडा असतो. टायरवरूनच घ्या. माझे पराठे आठवा.

मग चेनच्या खोक्यावरचा तक्ता पाहा. तिथे आणखी एक अक्षर दिसेल: क्लास ‘एस’, ‘यू’ किंवा ‘डब्ल्यू’. टायर आणि गाडीचे बाकीचे भाग (ब्रेकची नळी, सस्पेन्शन, चाकावरचा पत्रा) यांत किती जागा लागेल ते यावरून कळतं. ‘एस’ला टायरच्या माथ्यावर ३७ मिलिमीटर आणि आतल्या बाजूला १५ मिलिमीटर पुरतात, ‘डब्ल्यू’ला माथ्यावर साधारण ६४ आणि बाजूला ३८ लागतात. टायर आणि आतल्या भागांच्या मध्ये करंगळी जेमतेम जात असेल तर ‘एस’च घ्या. ट्रक उंच दिसतो म्हणून जागा भरपूर असेल असं धरून चालू नका, विशेषतः टायर मोठे टाकले असतील तर.

प्रकार ढोबळमानाने तीन. केबल हलकी, चढवायला सोपी, चकचकीत बर्फावर जरा कमी पकड. शिडीसारखी, आडव्या साखळ्यांची चेन दणकट, स्वस्त, पण चालताना धडधडते. चौकटीच्या जाळीची डायमंड चेन सगळ्यांत सरळ चालते आणि खिशालाही सगळ्यांत जास्त लागते. वर्षातून दोनदा टाहोला जाणाऱ्याला केबल पुरे. माझ्याकडे शिडीवाली आहे, म्हणून पुढची कृती तिची. तुमची वेगळी असेल तर खोक्यातल्या कागदाला प्रमाण माना.

ट्रक भाड्याचा असेल तर करार वाचा. अनेक करारांत चेन्स लावायला मनाई असते आणि नुकसानीची भरपाई तुमच्या डोक्यावर येते.

४. कोणत्या चाकांवर?

याचं उत्तर ट्रकच्या मॅन्युअलमध्येच शोधा, व्हिडिओत नाही. माझ्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय: फक्त मागच्या चाकांवर, पुढच्यांवर लावू नका. पुढे जागा कमी असते, चेन आतल्या भागांना घासते.

जोडी एकच असेल तर काय होतं ते मात्र समजून घ्या. फक्त मागे चेन्स असतील तर मागची पकड घट्ट आणि पुढची सैल. वळणावर स्टिअरिंग फिरवलं तरी ट्रक सरळच जाऊ पाहतो. फक्त पुढे असतील तर उतारावर ब्रेक मारल्यावर मागचा भाग फिरून पुढे यायला बघतो. दुसरा प्रकार जास्त भीतीदायक. मॅन्युअल परवानगी देत असेल आणि उतार मोठा असेल तर चारही चाकांवर लावा.

रिकाम्या पिकअपचं मागचं अंग हलकं असतं. हार्डवेअरच्या दुकानात ६० पौंडी वाळूच्या पिशव्या मिळतात. तीन-चार घेऊन मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर ठेवा आणि बांधून टाका, नाहीतर ब्रेक मारला की त्या केबिनच्या मागे येऊन आदळतात. रुतलात तर एक फोडून चाकाखाली वाळू टाकता येते.

५. सोबत काय हवं

कागद: लायसन्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स कार्ड, रस्त्यावरच्या मदतीचं सभासद कार्ड असेल तर ते, ट्रकचं मॅन्युअल, चेनच्या खोक्यातला कागद. शेवटचे दोन छापील हवेत; घाटात नेटवर्क जातं.

हत्यारं: चेन्स, ताण देणारे रबर, कॅम (चेनवरच्या, ताण वाढवायच्या फिरक्या) फिरवायची किल्ली, डोक्याला लावायचा टॉर्च, फावडं, काच खरवडायची पट्टी, थोडी तार किंवा प्लॅस्टिकचे झिप टाय, गुडघ्याखाली घालायला जुनी चटई, चमकणारं जॅकेट.

हातमोज्यांवर दोन शब्द. लोकरीचे मोजे दोन मिनिटांत ओले होतात आणि मग बोटं गेली. आतून पातळ मोजे आणि वरून भांडी घासायचे रबरी मोजे, एक नंबर मोठे. दिसायला विनोदी, पण हुक बोटांना जाणवतो आणि हात कोरडे राहतात. ही युक्ती बायकोची.

याशिवाय पाणी, खाणं, पांघरुणं, फोनचा चार्जर. काच धुवायचं पाणीही बदला. बे एरियातलं निळं पाणी वर गेल्यावर काचेवरच गोठतं. शून्याखाली न गोठणारं वेगळं मिळतं.

६. घरी तालीम करा. खरंच करा.

ही एकच पायरी ऐकलीत तरी लेख वसूल. ड्राइव्हवेमध्ये, दुपारच्या उन्हात, चहा शेजारी ठेवून दोन्ही चेन्स एकदा चढवा आणि उतरवा. पहिल्यांदा मला पंचेचाळीस मिनिटं लागली, तिसऱ्यांदा बारा. खोका फोडला की दुकान परत घेणार नाही या विचाराने अनेक जण तो तसाच ठेवतात. फोडा. चेन छोटी आहे, उजवी-डावी वेगळी आहे, आतला हुक डोळ्यांना दिसतच नाही, हे सगळं कळायची जागा घर आहे. नंतर एकदा डोळे मिटून आतला हुक लावून पाहा. वर गेल्यावर तो तसाच लावायचा असतो.

७. निघायच्या दिवशी

कॅलट्रान्सचं क्विकमॅप अ‍ॅप उघडा, चेन कंट्रोल आणि कॅमेरे दोन्ही दिसतात. फोनवर ऐकायचं असेल तर ८००-४२७-७६२३. टायरमधली हवा पाहा. तापमान दहा अंश फॅरेनहाइटने उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होते. सनीव्हेलला साठ आणि ट्रकी गावात दहा असेल तर पाच पीएसआय गेलेच. ऑबर्न किंवा कोलफॅक्सला टाकी भरून घ्या.

आय-८० बंद झाला की नकाशाचं अ‍ॅप उत्साहाने एखादा जंगलातला रस्ता सुचवतं. निळी रेघ छान दिसते. त्या रस्त्यावर बर्फ उपसणारं यंत्र फिरकतही नाही आणि फोनही लागत नाही. हायवे बंद म्हणजे प्रवास बंद. २०२४ च्या फेब्रुवारीअखेरीस आलेल्या हिमवादळात आय-८० काही दिवस बंद होता. तेव्हा शहाणे घरी होते.

८. प्रत्यक्ष चढवणं

‘चेन्स आवश्यक’ ही पाटी दिसल्यापासून तपासणी नाक्यापर्यंत साधारण एक मैल मिळतो. त्यातच थांबायचं. ठरवून दिलेल्या रुंद जागीच थांबा, वळणावर नाही, लेनमध्ये तर नाहीच.

अ. सपाट जागा, गिअर पार्कमध्ये, हँडब्रेक, चारही इंडिकेटर. बाकीची मंडळी आतच बसू देत. पोरांना बर्फात खेळायची घाई असते, पण शेजारून गाड्या घसरत येत असतात. तुम्हीही रहदारीकडे पाठ करून बसू नका.

आ. चेन बर्फावर पसरून पीळ काढा. आडव्या साखळ्यांच्या टोकांना वाकवलेले आकडे असतात. आकड्यांची तोंडं बाहेर, गुळगुळीत बाजू रबराकडे. उलटी लावली तर आकडे टायरची बाजू कुरतडतात.

इ. चेन टायरच्या माथ्यावरून शाल पांघरावी तशी टाका, पुढे-मागे सारखी. कडीचा कुलूपवाला भाग बाहेरच्या बाजूला. टायरखाली दबलेला भाग आता जोडता येणार नाही, घाबरू नका.

ई. दुसऱ्या चाकावरही तसंच करा. मग ट्रक अर्धा मीटर पुढे घ्या, अगदी हळू, म्हणजे दोन्ही टोकं हाताशी येतात. पुन्हा हँडब्रेक.

उ. आधी आतला हुक. कोपरापर्यंत हात टायरमागे घाला, टोकं चाचपडून शोधा आणि जितक्या घट्ट कडीत जाईल तितक्या घट्ट अडकवा. बाहेरचं कुलूप आधी लावलंत तर आत ओढायला जागाच उरत नाही. नवखे लोक इथेच सगळ्यांत जास्त अडतात.

ऊ. आता बाहेरचं कुलूप ओढून लावा. आत जितक्या कड्या मोकळ्या राहिल्या तितक्याच बाहेर राहायला हव्यात, नाहीतर चेन तिरकी बसते. उरलेलं शेपूट तारेने बांधा. ते मोकळं सोडलं तर चाकावरच्या पत्र्यावर चाबकासारखं बसतं.

ए. कॅम असतील तर किल्लीने फिरवून घट्ट करा. रबर लावताना त्याचे हुक बाहेरच्या दिशेला. (काही चेन्स स्वतःच घट्ट होतात, त्यांना रबर चालत नाही. कागद पाहा.)

ऐ. शे-दोनशे मीटर हळू जा, जागा पाहून थांबा, उतरा आणि पुन्हा ताणा. चेन पहिल्यांदा बसताना हमखास दोन-तीन कड्या सैल होते. हे न करता निघालेल्या गाडीची चेन पुढच्या मैलात रस्त्यावर पडलेली दिसते.

हे नकोच असेल तर पाटीजवळ पैसे घेऊन चेन लावून देणारे असतात. ते कॅलट्रान्सचे नोकर नाहीत, त्यांच्याकडे परवाना आणि क्रमांकाचा बिल्ला असतो. आधी भाव विचारा, पावतीवर बिल्ल्याचा क्रमांक लिहून घ्या. चेन्स विकायची किंवा भाड्याने द्यायची त्यांना मुभा नाही, त्या तुमच्याच हव्यात. आणि त्यांनी लावल्या तरी शे-दोनशे मीटरवर उतरून ताण तुम्हीच पाहायचा.

९. चालवताना

चेन कंट्रोलमध्ये वेगमर्यादा २५ किंवा ३० मैल असते आणि चेनचीही मर्यादा साधारण तीच. क्रूझ कंट्रोल बंद. स्टिअरिंग, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर, तिन्ही मांडीवर भरलेला ताकाचा तांब्या असल्यासारखे हाताळा. ब्रेकखाली थरथर जाणवली तर ते एबीएसचं (चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) काम आहे. पाय उचलू नका, पंपही करू नका. उतारावर खालचा गिअर. चाकं जागच्या जागी फिरवू नका, चेन तुटते.

आवाज बदलला, ‘धड-धड’मध्ये ‘टण्ण’ मिसळला, की लगेच सुरक्षित जागी थांबा. एखादी आडवी साखळी तुटलेली असते आणि ती ब्रेकच्या नळीपर्यंत पोचू शकते.

बर्फ उपसणाऱ्या यंत्राला ओलांडायचा मोह आवरा. त्याच्या मागचा रस्ता त्याच्या पुढच्यापेक्षा नेहमीच चांगला असतो.

रस्ता तासन् तास अडला तर ट्रक सोडून चालत निघू नका. इंजिन मधून मधून चालवा, पण त्याआधी उतरून सायलेन्सरची नळी बर्फाखाली गेली नाही ना ते बघा. गेली असेल तर विषारी वायू केबिनमध्ये शिरतो आणि त्याला वास नसतो. खिडकी बोटभर उघडी ठेवा.

१०. उतरवणं आणि ठेवणं

चेन कंट्रोल संपल्याची पाटी आली की पुढच्या रुंद जागी काढून टाका. उघड्या डांबरावर तशाच पळवल्या तर चेन्स, टायर आणि कान तिन्ही झिजतात. आधी बाहेरचं सोडा, मग आतलं, चेन जमिनीवर पाडा आणि ट्रक तिच्यावरून पुढे घ्या. फोर हायमधून टू-व्हील-ड्राइव्हवर आणायला विसरू नका.

घरी आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, कारण रस्त्यावरचं मीठ लोखंड खातं. उन्हात वाळवा, हलकं तेल फवारा, झिजलेल्या कड्या पाहा. पिशवीत कोंबू नका, गुंता होतो. झाकणाची बादली चांगली. माझ्या बादलीच्या झाकणावर मार्करने टायरचा आकडा लिहिलेला आहे. गेल्या वर्षी टायर बदलले तेव्हा दुकानातून आल्या आल्या आधी तो ताडून पाहिला.